नावं पाडणारी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काही केलं असेल, तर वाल सोलले. भिजवून मोड आलेले वाल, मधे परात, इकडे मी, तिकडे आमची ही. वाल सोलायची तिची रीत जगावेगळी. आधी छाती भरून दम घ्यायचा, मग तोंडानं कबड्डी कबड्डी सुरू करायचं, आणि दम सुटेपर्यंत जेवढे सोलून होतील तेवढा तिचा डाव. मग माझी पाळी. मी मधेच खोकलो की परातीवर बोट आपटून म्हणायची, "बाद."

त्या दुपारीही मी बादच झालो. म्हणालो, "अगो, खोकल्याला तरी सूट दे." तर म्हणते, "पंचाला नवरा नसतो."

दिवेलागणीला ती गेली. खांबाला टेकून बसली होती, तशीच. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही. बाई कशी होती ते लिहायचंय.

शहापूर तालुक्यात आमच्या बाजूला काळीकाकी म्हटलं की कबड्डी खेळणारा ओळखणार नाही असं व्हायचं नाही. ती स्वतः कधी खेळली नाही. तिच्या काळी बाईमाणूस मैदानात पाय ठेवत नव्हतं. दोरीच्या बाहेरून जेवढं खेळता येतं तेवढं ती खेळली. भाताची झोडणी झाली, की कुणाच्या तरी मोकळ्या शेतातली धसकटं काढून, माती चोपून, फक्कीच्या रेषा मारून मैदान तयार व्हायचं. रेषा मारून व्हायच्या आत ही मध्यरेषेसमोर गोणपाट टाकून बसलेली असायची. मी मागून पाण्याची कळशी घेऊन. लोक मला विचारायचे, काका, कुणाकडून? मी म्हणायचो, कळशीकडून.

"पाय दिसला मला" हे तिचं पेटंट वाक्य. पंचाची नजर चुकली तरी हिची चुकत नसे. पंचही बिचारा शिट्टी तोंडात धरून आधी हिच्याकडे बघायचा. घरातही तेच. मांजर दुधाकडे निघालं की, "पाय दिसला." मी चिखलाचे पाय घेऊन चुलीपाशी गेलो की, "रेषा ओलांडली. बाद." पाहुण्याला आग्रहानं भात वाढताना, "हा बोनस." पाहुणा शहरातला असला तर घाबरून ताटावर हात धरायचा.

लेकीला बघायला वाशिंदहून मुलगा आला. कारखान्यात कामाला, शर्ट इस्त्रीचा. पोहे झाले, चहा झाला. त्याच्या मामानं विचारलं, मुलीच्या आईला काही विचारायचंय का. मला वाटलं, पगार विचारेल. ही म्हणाली, "दम दाखवा."

मुलाला कळेना. मी मान खाली घातली. शेवटी त्यानं उभं राहून कबड्डी कबड्डी केलं आणि भिंतीवरच्या देवापर्यंत पोचायच्या आतच धापा टाकायला लागला. ही म्हणाली, "विडी सोडा, मग या." मामा रागावून उठला. पण मुलगा खरंच विडी सोडून परत आला, आणि आता तो जावई आहे. अजून सासरवाडीला आला की दारात दम घेऊनच आत शिरतो.

पण तिची खरी कला म्हणजे नावं पाडणं. एखादा खेळाडू तिनं एकदा चढाई करताना बघितला की त्याला नाव चिकटलंच. एक जण मोठा आवाज करत जायचा आणि रिकाम्या हातानं परत यायचा, त्याला ती म्हणाली सरकारी नळ. एक दरवेळी समोरच्यांच्या अंगणात जाऊन तिथेच अडकायचा, तो घरजावई. एक पकडीला नेहमी उशिरा पोचायचा, तो एसटी. हिनं गोणपाटावरून एकदा हाक मारली की तिच्या मागची माणसं उचलायची, त्यांच्या मागची पोरं उचलायची, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावचा निवेदक माईकवरून तेच नाव घ्यायचा. घरजावयाचं तर पुढं लग्न ठरताना अडलं, असं म्हणतात. ती मात्र सांगायची, पोरगी चांगली मिळाली, आपल्या नावामुळं चौकशी नीट झाली.

मुरबाडकडच्या एका संघात लहू नावाचा चढाईपटू होता. कातकरी वाडीचा. दिवाळीनंतर बायकोला घेऊन वीटभट्टीवर जायचा, आणि सामना असला की भट्टीवरून थेट मैदानात यायचा. पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा अंगभर राख. मुळात रंग काळा, त्यात राख. ही गोणपाटावरून ओरडली, "आला रे कोळशा."

मैदान हसलं. नाव चिकटलं.

लहू खेळायला असा होता की समोरच्या सात जणांना तो हलतो आहे की उभा आहे हेच कळत नसे. आमच्या संघाला त्यानं वर्षानुवर्षं रडवलं. हरणाऱ्याच्या तोंडाला मग लगाम राहत नाही. कोळशावरून लोक पुढं गेले. त्याची पकड झाली की मागून कुणीतरी ओरडायचं, उंदीर सापडला. निसटला की, बिळात गेला. कातकरी उंदीर खातात म्हणून त्यांना त्यावरून बोलायची आमच्याकडे जुनी खोड. ही ते म्हणत नसे. पण थांबवायचीही नाही. तिचं लक्ष पायांवर.

मग एका वर्षी मुरबाडच्या अंगाला मोठी स्पर्धा झाली. आम्ही दोघं एसटीनं गेलो. लहूचा संघ जिंकला आणि उत्कृष्ट चढाईपटूचं बक्षीसही त्यालाच. भिंतीवरचं घड्याळ होतं. निवेदकानं कौतुकानंच पुकारलं, आपल्या सर्वांचा लाडका कोळशा.

लहू आला. घड्याळ घ्यायच्या ऐवजी त्यानं माईक धरला. त्याला उंची जमेना, वाकून बोलला.

"माझं नाव लहू हाय. माझ्या आयेनं ठेवलंय. कोळशा म्हनू नका, उंदीर म्हनू नका. नावानं बोलवाल तर बक्षीस घेतो."

निवेदकानं कागद खालीवर केला आणि घाईनं पुढचं बक्षीस पुकारलं. घड्याळ टेबलावर तसंच राहिलं. लहू टॉवेल खांद्यावर टाकून निघून गेला.

परतीच्या एसटीत जी चर्चा झाली ती मी आयुष्यभर विसरणार नाही. एक म्हणाला, आपण तर लाडानं म्हणतो. दुसरा म्हणाला, खेळाडूनं खेळावं, भाषण करू नये. तिसरा म्हणाला, एवढं मनाला लागतं तर घरी बसावं. आमच्या मंडळाचा अध्यक्ष बाळाराम, माणूस तसा मदतीचा, तो म्हणाला, "ह्याला कुनीतरी शिकवून पाठवलाय." सगळ्यांना ते पटलं. कुणी शिकवलं असेल यावर शहापूर येईपर्यंत तर्क चालले. त्याला आपोआप वाईट वाटलं असेल, असा तर्क कुणी केला नाही.

आमची ही सगळ्यात जास्त रागावली होती. घरी आल्यावर भांडी आपटत म्हणाली, "म्या काय शिवी दिली का? सगळ्यांना नावं दिली, कुनी रडला नाय. आनि म्या तरी काय गोरी हाय?"

ही तणतण बरेच दिवस चालली. मग एका सकाळी नाक्यावर चहाच्या हॉटेलात टीव्हीसमोर गर्दी झाली. आपले क्रिकेटवाले परदेशात खेळायला गेले होते, आणि तिथल्या गोऱ्या प्रेक्षकांनी आपल्या एकाला रंगावरून काहीबाही ऐकवलं होतं. त्यानं तक्रार केली होती. हॉटेल पेटलं. बाळाराम तर उभा राहिला. त्यांना एकेकाला धरून हाणला पाहिजे, म्हणाला. आपला पोरगा बोलला ते बरं केलं, वाघ आहे.

ही दूध घालायला आली होती. दारातूनच तिनं विचारलं, "मंग आपला लहू कोन?"

हॉटेलवाल्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. ती किटली तशीच घेऊन घरी आली. दूध द्यायचं राहूनच गेलं. दुपारी म्हणाली, "उद्या मुरबाडला जायचं."

मुरबाडच्या पलीकडे नदीकाठाला भट्टी होती. तिनं तांदळाच्या भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून घेतली होती. लहू चिखल तुडवत होता, त्याची बायको साच्यातून विटा पाडत होती. आम्हाला बघून तो थांबला नाही. पाय चालूच. ही काठावर बसली आणि भाकरीचं फडकं मांडीवर धरून म्हणाली, "लहू, माझं चुकलं. पर उंदीर म्या म्हनलं नाय."

"वाट तुमी दावली काकी. ते चालले."

"म्या समद्यांनाच नावं पाडते रे."

"समद्यांची नावं खेळावरनं हायत," लहू म्हणाला. "माझं कातड्यावरनं."

ती फडकं पुढं करून म्हणाली, झालं ते मागं घेते, भाकर खा. लहू चिखलातून बाहेर आला, हात धुतले, भाकर घेतली. पण म्हणाला, "हितं मागं घेऊन काय उपेग? हितं ऐकाया विटाच हायत. मैदानात दिलंय, मैदानातच काढा."

नाव पाडणारीला नाव काढायचं कसं ते माहीत नव्हतं.

पुढची स्पर्धा आमच्याच गावात होती. सकाळीच ती बाळारामाकडे गेली आणि दोन शब्द बोलायला माईक मागितला. बाळाराम म्हणाला, काकी, माईक पाव्हण्यांसाठी हाय. आणि जुना विषय उकरू नका, गावची इज्जत आहे. ती म्हणाली, बरं. तिचं बरं मला माहीत होतं. मी कळशी जरा घट्ट धरून बसलो.

शेवटचा सामना आमचा आणि लहूच्या संघाचा. उन्हं उतरली होती. मध्यंतराला दोन्ही संघ पाणी प्यायला बाहेर आले, मैदान रिकामं झालं. ही उठली. चपला दोरीबाहेर काढल्या, लुगड्याचा काष्टा घट्ट केला, मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावला, आणि पलीकडे शिरली. तोंडानं चालू होतं, "लहू लहू लहू लहू."

कबड्डीच्या जागी लहू. एका दमात.

आधी पोरं हसली. मग बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, "अगो बया, वारं आलं हिला." झालं. आमच्याकडे बाई भर गावात हलायला लागली की तिच्या अंगात देवीच येते, दुसरं काही येत नाही. एक जण धावत घरी जाऊन हळदकुंकू घेऊन आली. दुसरी नारळ. शेजारची म्हातारी हात जोडून हिच्या बरोबरीनं चालत विचारायला लागली, आई, माझा थोरला भिवंडीवरनं परत कधी येईल? हिला बोलता येईना, दम तुटला असता. ती हातानं म्हातारीला बाजूला सारतेय आणि म्हातारी त्या हाताचा अर्थ शेजारणीला विचारतेय.

तरी ही पलीकडच्या निदानरेषेपर्यंत गेली, चढाई करणाऱ्यानं ओलांडायचीच असते तिथवर. पायानं रेषा ओलांडली, वळली, आणि तोंड लाल होऊन, शिरा ताणून, लहू लहू करत परत मध्यरेषेपाशी आली. कपाळाला कुणीतरी कुंकू फासलेलं. रेषेवर हात टेकला तेव्हा दम सुटला. पंचानं सवयीनं शिट्टी मारली आणि एक बोट वर केलं. गुण कुणाला दिला ते त्यालाही माहीत नव्हतं.

ही धापा टाकत उभी राहिली आणि म्हणाली, "ह्याचं नाव हे. म्या दिलेलं बाद."

माईक नव्हता. पण तिला माईक कधी लागलाच नव्हता.

लहू पलीकडे तांब्या हातात घेऊन उभा होता. त्यानं तांब्या खाली ठेवला आणि खेळायला गेला. मागून कुणीतरी कोळशा म्हणून ओरडलं, तर ही आणि तिच्या भोवतीच्या बायका लहू म्हणून ओरडल्या. बायकांना अजून वाटत होतं की देवीचाच हुकूम आहे. त्यामुळे जोर भलताच होता. त्या जोरावर लहूनं आमचा संघ धुवून काढला. सामना संपल्यावर तो दोरीपाशी आला आणि म्हणाला, "काकी, दम चांगला हाय." एवढंच. त्या संध्याकाळी तिनं आनंदात भात करपवला.

नाव गेलं का? अर्धं गेलं. माईकवरून पुन्हा कुणी घेतलं नाही. मागच्या रांगेतून अधूनमधून यायचं. आणि गावानं ते फुकट जाऊ दिलं नाही. घरचा संघ हरला तो हिच्यामुळं, असं ठरलं. दुसऱ्या वर्षी बाळारामानं मध्यरेषेसमोरची जागा पाहुण्यांच्या खुर्च्यांना दिली. काकी, मागं बसा. ती मागं बसली. मागून पाय दिसत नाहीत. पालथ्या घमेल्यावर उभी राहून बघायची. नवी नावं पाडायचं तिनं सोडलं. मला वाटलं, रुसली असेल.

एकदा मी तिला विचारलं. ती सुपात तांदूळ पाखडत होती. म्हणालो, कोण कुठला लहू, त्याच्यासाठी तुझी पुढची जागा गेली. एवढं कशाला केलंस?

"त्याला माईक तरी मिळाला," ती म्हणाली.

मला कळलं नाही. तिनं सूप खाली ठेवलं.

"तुमच्या आयेनं मला उंबऱ्यात बघितलं, लग्नाच्या दिवशी. काळी आनली गो, म्हनली. तवापासनं काळी. काळी, काळीवयनी, काळीकाकी. गावात कुनाला जाऊन इचारा, हिचं नाव काय. लेकीच्या सासरी बी ठावं नाय. माहेरची मानसं होती तोवर कुनी ना कुनी हाक मारायचं. आता त्यातलं बी कुनी राह्यलं नाय."

आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. मी तिला जन्मभर अगो म्हणालो आणि ती मला अवो म्हणाली, त्यात आमचं भागलं. मी काहीतरी बोलणार होतो. पण ती सूप उचलून म्हणाली, खडे फार निघालेत यंदा. आणि विषय तिथेच राहिला. तिचा आवाज एवढा मोठा, पण स्वतःसाठी तिनं तो वापरला नाही. मी तो ऐकला फक्त एकदा, पाखडता पाखडता, तोही हळू.

ती गेली त्या संध्याकाळी गाव जमलं. बाळारामानं सगळं बघितलं, लाकडं, बांबू, सगळ्यांना निरोप. मी म्हटलं ना, माणूस मदतीचा आहे. लेक वाशिंदहून सकाळच्या पहिल्या गाडीनं येणार होती, म्हणून सकाळपर्यंत ठेवायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेकीला उतरवून घ्यायला नाक्यावर गेलो. नाक्यावर काळा फळा आहे. गावात कुणी गेलं की मंडळ त्यावर खडूनं लिहितं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं. बाळारामाचं अक्षर चांगलं. त्यानं सुरेख लिहिलं होतं. काळीकाकी यांचे दुःखद निधन.

मी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि वरचे शब्द पुसले. खडू फळ्याच्या कडेवर होता. माझी शाळा चौथीची, त्यालाही जन्म झाला. उभं राहून लिहायची सवय नाही. च जमला, कान्याला वेळ लागला, अनुस्वार फार मोठा पडला. हॉटेलातली माणसं चहा घेऊन बाहेर येऊन बघत उभी राहिली. मी लिहिलं, चांगुणा.

बाळाराम सायकल टेकवून आला. फळा वाचला, मग माझ्याकडे बघितलं. हळूच म्हणाला, "काका, असं लिहिलं तर लोकांना कळायचं नाय, कोन गेली ती."

मी म्हणालो, "इचारतील."